बनुबाईंची अटक

बनुबाई शेळक्यांची ओळख व्हायला फार वेळ लागत नाही. चहाचं आधण चढेपर्यंत त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत हे पाहुण्याला कळतं. चहा गाळेपर्यंत गुडघ्यांची हकीकत पुरी होते. आणि कपबशी खाली ठेवायच्या आत त्यांना एकदा अटक झाली होती, हेही कळून चुकतं. इतर बायका ज्या आवाजात ‘आमचा दादा फौजदार हाय’ असं सांगतात, त्याच आवाजात बनुबाई सांगतात, “मला अटक झाल्ती.” मग पाहुणा दचकतो. तो दचकला नाही, तर बनुबाई हेच वाक्य जरा मोठ्यानं पुन्हा म्हणतात.

त्यांचं गाव बोरमाळ, तालुका पारनेर. राळेगणसिद्धीहून पाव तासाच्या अंतरावर. पण राळेगण बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि बोरमाळला फक्त पारनेरची एसटी येते, तीही मनात असेल तर. अशा गावात एखाद्या बाईच्या नावावर काही घडलेलं असेल, तर ते जपून ठेवावंच लागतं.

घडलं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी बोरमाळच्या ओढ्यात हातभट्टी होती आणि गावातले निम्मे पुरुष संध्याकाळी ओढ्याला जात होते. त्या निम्म्यांत बनुबाईंचे यजमान रंगनाथही होते. एका सकाळी सोळा बायका मुसळं घेऊन ओढ्यात उतरल्या आणि त्यांनी होती नव्हती तेवढी मडकी फोडली. बनुबाई सगळ्यांत पुढे. उजव्या हातात मुसळ, डाव्या कडेवर सव्वा वर्षाची स्नेहल. भट्टीवाला चौकीत गेला आणि आपल्या मालाचं नुकसान झालं म्हणून रीतसर तक्रार देऊन आला. बेकायदा दारूची कायदेशीर तक्रार! त्या काळी माणसं फार सरळ होती.

हवालदार खाजाभाई चौकशीला आले. सरकारी जीपमध्ये डिझेल नव्हतं, म्हणून त्यांनी डेअरीचा टेम्पो थांबवला आणि सोळा बायका रिकाम्या कॅनांच्या मध्ये बसून गाणी म्हणत चौकीत गेल्या. दुपारभर तिथे होत्या. त्यांची नावं वहीत लिहिली गेली. पहिलं नाव बनुबाईंचं. संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला तोच टेम्पो त्यांना गावात सोडून गेला. भट्टी काही पुन्हा लागली नाही. रंगनाथरावांची दारू सुटली. बायकोमुळे सुटली असं ते कधी म्हणाले नाहीत, “भट्टीच न्हाई तर पिऊ काय?” असं म्हणत. पण चार वर्षांपूर्वी जाईपर्यंत पाहुण्यांना बनुबाईंची ओळख करून देताना ते पागोट्याला हात लावून म्हणत, “ही आमची मंडळी. जेलात जाऊन आलेली.”

आणि खाजाभाई? अटक करणारा आणि अटक झालेली यांच्यात पुढे जो घरोबा झाला तसा तो सोयऱ्याधायऱ्यांतही होत नाही. संक्रांतीला बनुबाईंकडून बाजरीच्या भाकरी जात, ईदला तिकडून शीरखुर्मा येई. बनुबाईंच्या घरी कुणी नवीन माणूस बसलेला असला, की खाजाभाई स्वतःहून सांगत, “मीच अटक केल्ती ह्यांना.” दोघांनी मिळून ती अटक इतकी वर्षं न्हाऊमाखू घालून वाढवली होती. पाच तासांची अटक रंगनाथरावांच्या हयातीतच एका दिवसाची झाली होती. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर ती येरवड्याला पोचली असती.

तर अशा या बनुबाईंना यंदा परदेशी जायचं होतं.

कडेवरची स्नेहल आता बत्तीस वर्षांची होती. तिचा नवरा राधाकृष्ण साखर कारखान्यात केमिस्ट. नगर जिल्ह्यातली माणसं जगाच्या पाठीवर कुठेही ऊस दिसला की तिथे जातात, तसा तो आफ्रिकेतल्या एका देशात गेला होता. त्या देशाला नाव आहे, पण बोरमाळनं ते पाठ करायची तसदी घेतलेली नाही. गावाच्या लेखी स्नेहल आफ्रिकेत असते, बस. आणि तिला आता नववा लागला होता.

दोन वर्षांपूर्वी तिचं एक पोटातलं गेलं होतं. तेव्हा ती तिकडे एकटीच होती. फोनवर तिनं चार दिवस काही सांगितलं नाही. ‘जेवले, झोपले, इकडं पाऊस आहे’ असंच बोलत राहिली. पाचव्या दिवशी बनुबाईंनी विचारलं, “स्नेहल, काय झालंय?” आणि मग पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. फोनमधून हात घालता येत नाही, हे बनुबाईंना त्या दिवशी कळलं. या खेपेला काही झालं तरी बाळंतपणाच्या आधी तिथे पोचायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिकीट निघालं होतं, बारा दिवसांनंतरचं. डिंकाचे लाडू झाले होते. फक्त त्या देशाची परवानगी तेवढी यायची होती.

ही परवानगी म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाचा धाकटा भाऊ म्हणा. ऑफिसात जायचं नाही, रांग लावायची नाही. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा आणि वाट बघायची. सोपं काम. आणि सोपं काम स्वतः करायचं नसतं, ही तर आपल्याकडची रीतच. ते करून देणारा माणूस शोधायचा असतो. बनुबाईंना शोधावा लागला नाही. खाजाभाईंची सून कैनात केडगावला पुणे रस्त्यावर ऑनलाइन सेवेचं दुकान चालवत होती. पीकविमा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, पासपोर्ट. आख्ख्या केडगावची जन्मतारीख तिला पाठ होती. तिथेच दाराशी खुर्ची टाकून सत्तरीपार गेलेले खाजाभाई रस्त्यावरची वाहनं मोजत बसत.

बनुबाईंना घेऊन त्यांचा मुलगा छगन दुकानात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. छगन हा काळजी करायलाच जन्माला आलेला इसम. म्हैस व्यायली नाही तर काळजी, व्यायली तर रेडा झाला म्हणून काळजी. त्यानं आदल्या दिवशीच कैनातला निरोप टाकून ठेवला होता : ‘आईला काही विचारत बसू नको. सगळीकडे नाही टाक.’

पण कैनातची पद्धत वेगळी होती. दुसऱ्याच्या वतीनं अर्ज भरताना शेवटी एक चौकोन येतो : ‘मी हा अर्ज दुसऱ्या व्यक्तीसाठी भरला असून प्रत्येक उत्तर तिला वाचून दाखवले आहे व ते तिला मान्य आहे.’ बाकीचे दुकानदार त्या चौकोनात डोळे मिटून बरोबरची खूण करतात. कैनात खरोखरच वाचून दाखवायची. त्यामुळे तिच्याकडे वेळ लागायचा आणि लोक कुरकुरायचे; पण तिचे अर्ज परत येत नसत.

“बसा आत्या,” ती म्हणाली. “पहिलंच विचारलंय, अर्ज स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी. मी ‘दुसऱ्यासाठी’ केलंय. आता माझं तुमच्याशी नातं. ‘परिचित’ लिहिते.”

“परिचित काय गं? आत्या म्हनती ना मला? मंग आत्या लिही.”

“आत्या यादीत नाहीये.”

“यादी करनाऱ्याला आत्या नसंल,” बनुबाई म्हणाल्या. “बरं, चाल पुढं.”

“जन्मतारीख एक जून.”

“ती गुरुजीनं दिलेली. आमच्या गावात समद्यांची एक जूनच हाय. आई म्हनायची मी थंडीत झाले.”

“पासपोर्टवर एक जून आहे, तीच टाकावी लागेल. व्यवसाय?”

“म्हशी.”

“पशुपालन,” कैनातनं टाइप केलं. “याआधी कुठल्या देशात गेला होतात?”

“शिर्डीला लई येळा गेल्ते.”

“आई, शिर्डी आपल्याच जिल्ह्यात हाय,” छगन कळवळून म्हणाला.

“मला ठाऊक हाय. तिथं मानसं परदेशातून येत्यात, म्हनून सांगितलं.”

“काही आजार?”

“गुडघं.”

“संसर्गजन्य विचारतायत, आत्या. एकाचा दुसऱ्याला होतो तसा.”

“मंग व्हय म्हन. माझं बघून आता छगनचं बी दुखाया लागल्यात.”

दारात बसलेले खाजाभाई खांदे हलवून हसले. कैनातनं हसू दाबत ‘नाही’ केलं, तसं वाचून दाखवलं आणि मंजुरी घेतली. “शस्त्र वगैरे सोबत नेणार आहात का?”

“विळी न्ह्यायची हाय. तिकडं सुरीवर चिरत्यात म्हनं. बाळंतिनीची भाजी सुरीवर चिरून चव येती व्हय? विळी शस्त्रात बसती का गं?”

“बॅगेत खाली टाका, हातात धरून बसू नका,” कैनात म्हणाली आणि पुढचा प्रश्न वाचला. “तुम्हाला कधी, कुठल्याही देशात, अटक झाली आहे का?”

बनुबाई खुर्चीत सरळ झाल्या. इतका वेळ जे विचारलं ते सगळं आडवळणाचं होतं. आत्ता कुठे परीक्षेत आपण केलेल्या धड्यावरचा प्रश्न आला होता. परदेशच्या सरकारनं समुद्रापलीकडून, नेमकं हेच विचारावं! त्यांनी पदर सारखा केला आणि दुकानाबाहेर पंक्चर काढणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “व्हय! झाल्ती!”

“नाही!” छगन ओरडला. “नाही टाक, कैनात. मी काल सांगितलं हुतं तुला.”

“तू कोन सांगनार? अटक तुला झाल्ती का मला?”

“आई, तू अगं... ते काय सत्कार करनारेत का तुझा? आत येऊ द्यायचं का न्हाई ते बघायला इचारत्यात.”

बनुबाईंनी कैनातकडे पाहिलं. “व्हय म्हनलं तर काय व्हतं?”

कैनातनं ‘हो’वर दाबून दाखवलं. खाली एक लांबलचक खिडकी उघडली. “कधी, कुठे, कोणत्या कलमाखाली, निकाल काय लागला. कोर्टाचे कागद जोडा. मग ते तपासायला घेतात. किती दिवस, ते काही सांगता येत नाही. एका जणाचं अडीच महिने चाललं होतं.”

अडीच महिने. स्नेहलचे दिवस भरायला सव्वीस दिवस होते. बनुबाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. ती करायला शाळा लागत नाही.

“मग टाक नाही आन् मोकळी हो,” छगन म्हणाला. “इथं कोण बघायला येतंय?”

“मी हाय की बघायला,” बनुबाई म्हणाल्या.

छगनला हे समजणं अवघड होतं, आणि त्यात त्याची फारशी चूकही नव्हती. त्याचं नाव सातबाऱ्यावर होतं, डेअरीच्या पुस्तकात होतं, सोसायटीच्या यादीत होतं. बनुबाईंचं नाव जिथे जिथे लिहिलं गेलं होतं तिथे ते कुणाच्या तरी मागून आलं होतं. रेशनकार्डावर त्या रंगनाथची बायको. मतदार यादीत रंगनाथची बायको. ते गेल्यावर त्या छगनची आई. फक्त त्या एका दिवशी, एका वहीत, त्यांनी स्वतः काहीतरी केलं म्हणून त्यांचं नाव लिहिलं गेलं होतं आणि तेही एक नंबरला. आता तेच ‘झालं नव्हतं’ असं सांगायचं? तेही लेकीकडे जायला, जी लेक त्या दिवशी कडेवर होती? आणि ‘हो’ सांगावं, तर ती पुन्हा एकटी...

“पोरी,” त्या कैनातला म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज दुकानाबाहेर गेला नाही, “दोन्हीच्या मधलं काही लिवता येत न्हाई का?”

“हो किंवा नाही एवढंच आहे, आत्या.” कैनातनं कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. “तुम्ही हो म्हणाल तर हो लिहीन. नाही म्हणाल तर नाही. मी माझ्या मनाचं लिहिणार नाही.”

“खाजाभाई, तुमी तरी सांगा ह्यास्नी,” बनुबाई दाराकडे वळल्या. “तुमीच केल्ती ना अटक?”

खाजाभाई चष्म्याची काच शर्टाच्या टोकानं पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. “चहा घ्यायचा का, ताई?” त्यांनी विचारलं.

“चहा त्या दिवशी बी पाजला तुमी. आता बोला.”

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग सुनेला म्हणाले, “नाही लिही, बेटा. नाहीच खरं हाय.”

“काय म्हन्ला?” बनुबाई म्हणाल्या.

“अटक झालीच नव्हती, ताई.”

रस्त्यावरून एक लांब ट्रेलर गेला. खाजाभाईंनी या खेपेला तो मोजला नाही.

“अटक करायला कागद लागतो,” खाजाभाई जमिनीकडे बघत बोलू लागले. “साहेब बंदोबस्ताला नगरला गेल्ते. मी एकटा चौकीत. समोर सोळा बाया, एकीच्या कडंला लेकरू. नोंद केली असती तर सोळा जणींना पारनेरच्या कोर्टात तारखा लागल्या असत्या. दर महिन्याला. आन् कशापाई? मडकी फोडली म्हणून. मी म्हणलं, बसवून ठेवू, भट्टीवाल्याला दिसू दे, संध्याकाळी सोडून देऊ. पण तुम्ही उठंचनात! तुम्हीच टेबलावर मूठ आपटली. ‘आमची नावं लिवा. नावं लिवल्याबिगर आमी जानार न्हाई.’ आठवतं का?”

“आठवतं की. तुमी लिवली.”

“लिहिली. पण कशात लिहिली? कपाट उघडलं, हाताला जी लागली ती वही काढली.” ते थांबले. “हरवलेल्या जनावरांचं रजिस्टर हुतं ते.”

छगनच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की सुटकेचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बनुबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उरलेला आवाज त्यानं गिळून टाकला.

“जनावरांच्या वहीत? आमाला?”

“ताई, ऐका तर...”

“एकतीस वर्सं! भाकरी खाल्ल्या माझ्या! माझ्या पावन्यांसमोर छाती काढून सांगितलं तुमी!”

“पहिल्या वर्षी साहेबाच्या भ्यानं बोललो न्हाई,” खाजाभाई म्हणाले. “नंतर तुमच्या भ्यानं. रंगनाथभाऊ ज्या तऱ्हेनं सांगायचे, त्यांचं तोंड बघून... कसं बोलणार? आन् खोटं का सांगू, मलाबी ते सांगायला बरं वाटायचं. सदतीस वर्षं नोकरी केली. लोकांनी ज्याच्याबद्दल मला भाकरी दिली असं तेवढंच एक काम.”

बनुबाई उठल्या. गुडघ्यांनी नेहमीसारखी तक्रार केली, ती त्यांनी ऐकून घेतली नाही. त्या दुकानाबाहेर जाऊन पंक्चरवाल्याच्या टायरांच्या ढिगाशेजारी बाकड्यावर बसल्या. छगन मागे निघाला, तर कैनातनं मानेनंच त्याला थांबवलं.

पुणे रस्ता वाहत होता. गाड्यांतल्या माणसांना कुठे ना कुठे जायचं होतं आणि कुणालाच अटक झाल्यासारखं दिसत नव्हतं. बनुबाईंना वाटलं, आता जायला आडकाठी उरली नाही. खोटं बोलावं लागणार नाही. ‘नाही’ हेच खरं. मग हायसं का वाटत नाही? एखाद्या पेटीत जपून ठेवलेला दागिना दाखवायला काढावा आणि सोनारानं म्हणावं, पितळ आहे, तसं झालं होतं. पितळ तर पितळ. पण एकतीस वर्षं ते अंगावर शोभलं होतं ना? लोकांनी बघितलं होतं ना? ओढ्यातली मडकी काही कागदावर फुटली नव्हती. ती खरोखर फुटली होती. हाताला मुसळाचा फोड आला होता, तो आठ दिवस राहिला होता.

मग त्यांना ती चौकी आठवली. टेबलाच्या पलीकडे चाळिशीतला हवालदार, कपाळाला घाम. तो एकेक नाव विचारत होता आणि लिहिता लिहिता मध्येच थांबून त्यांच्याकडे निरखून बघत होता. त्यांना तेव्हाही वाटलं होतं, हा असा का बघतोय? आणि नावाखेरीज इतका वेळ लिहितोय काय?

त्या तरातरा आत आल्या.

“खाजाभाई, जनावराच्या वहीत रकानं असत्यात.”

खाजाभाईंनी मान खाली घातली. “असत्यात.”

“कोनते?”

“रंग... खूण... शिंगं... मालकाचं नाव.”

“मंग माझ्यापुढं काय लिवलं? खरं सांगा. आता खोटं बोलला तर कैनात फॉर्मवर खूण करनार न्हाई.”

“रंगात सावळा लिहिलं,” खाजाभाई म्हणाले. “रकाना मोकळा ठेवला असता तर तुम्हाला संशय आला असता. तुमी डोळे वटारून वहीकडंच बघत हुता.”

“खूण?”

“आवाज मोठा.”

कैनातनं तोंडावर ओढणी धरली.

“शिंगं?”

खाजाभाईंनी सुनेकडे पाहिलं, छगनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “आहेत,” ते म्हणाले. “आहेत, असं लिहिलं.”

आता मात्र छगन दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. बनुबाई हसल्या नाहीत. त्यांना अजून एक विचारायचं होतं. तेच विचारायला त्या आत आल्या होत्या.

“आन् मालक? मालकाच्या नावात आमच्या ह्यांचं लिवलं?”

“न्हाई,” खाजाभाई म्हणाले. “तिथं रेघ मारली.”

“रेघ?”

“आडवी रेघ. लिहिणार हुतो रंगनाथभाऊंचं नाव. पण वर बघितलं तर तुमी समोर उभ्या, हातात मुसळ. हिंमत झाली न्हाई. म्हटलं, हिला कोण मालक आसंल असं दिसत न्हाई. आन् मग एकीला रेघ मारली तर बाकीच्यांना कशी न मारणार? सोळाच्या सोळा रेघा मारल्या.”

 बनुबाईंना साताठ ठिकाणी लिहिलेलं आपलं नाव आठवलं आणि दर ठिकाणी त्याच्याआधी किंवा मागे लिहिलेलं दुसऱ्या कुणाचं तरी. खुर्चीत बसताना त्या हळूच म्हणाल्या, “रेघ.”

“ती वही हाय का आता?” छगननं विचारलं.

“कुठली? चौकीच नवी झाली. रद्दीत गेली असंल केव्हाच.”

“जाऊ द्या,” बनुबाई म्हणाल्या. “कैनात, वाच परत.”

कैनातनं वाचलं. “तुम्हाला कधी, कुठल्याही देशात, अटक झाली आहे का?”

“न्हाई,” बनुबाई म्हणाल्या, आणि मग, ज्याला हिशेब चुकता झाल्याशिवाय राहवत नाही अशा माणसासारखं पुढे म्हणाल्या, “प्रयत्न लई केला व्हता.”

“ते लिहायला जागा नाही, आत्या.”

“नसू दे. त्यांना काय करायचंय.”

तेवढ्यात छगनचा फोन वाजला. स्नेहलचा. अर्ज झाला की नाही, ते ती सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होती. फोन आईच्या हातात गेला आणि आईनं लेकीला सगळं सांगितलं : टेम्पो, वही, रंग, शिंगं, रेघ. पलीकडून आधी हसणं ऐकू आलं, मग ‘आई, थांब, हसवू नको, पोट दुखतंय’ असं ओरडणं. दोन वर्षांत स्नेहल एवढं हसलेली बनुबाईंनी ऐकली नव्हती.

“आणि मी?” स्नेहलनं विचारलं. लहानपणापासून तिला सांगितलं गेलं होतं की ती सव्वा वर्षाची असताना तुरुंगात जाऊन आली आहे; कॉलेजात तिनं तो किस्सा कितीदा वापरला होता. “मीपण होते ना कडेवर? माझं नाव लिहिलं का नाही? विचार खाजामामूंना.”

बनुबाईंनी फोन खाजाभाईंच्या तोंडासमोर धरला. म्हातारा ओशाळून हसला.

“वेगळं नाव न्हाई लिहिलं, बेटा,” तो फोनमध्ये म्हणाला. “ताईंच्याच ओळीत शेवटी लिहिलं. सोबत वासरू एक.”

कैनातनं शेवटच्या चौकोनात खूण केली. उत्तरं सगळी वाचून दाखवली होती आणि सगळी मान्य झाली होती.

परवानगी चौथ्या दिवशी आली. तोवर बोरमाळमध्ये नवी हकीकत पोचली होती. छगननं ती बाहेर जाऊ नये म्हणून फार काळजी घेतली, पण बनुबाईंनी स्वतःच सांगून टाकली. सरपंचांची सुनबाई राजेश्वरी हिनं निरोपाला बायका बोलावल्या आणि ‘तुरुंगात जाऊन आलेल्या आपल्या बनुमावशी’ असं म्हणून नारळ पुढे केला, तेव्हा बनुबाईंनी नारळ घेतला आणि भर बैठकीत सांगितलं, “तुरुंगात न्हाई गं. ऐक, खरं काय झालं ते.” आणि त्या सांगू लागल्या. मडक्यांपासून शिंगांपर्यंत बायका हसत होत्या. रेघेपाशी आल्यावर हसायच्या थांबल्या. त्या सोळांतल्या सात जणी अजून गावात आहेत, त्यातल्या एकीनं पदराला डोळे पुसले आणि म्हणाली, “माझ्या बी नावापुढं रेघच का गं?” बनुबाई म्हणाल्या, “तुझ्या बी.”

जायच्या दिवशी छगनची गाडी केडगावला थांबली. थांबायचं नव्हतं, मुंबईला विमान होतं आणि छगनला त्या काळजीनं आदल्या दिवसापासून अन्न गेलं नव्हतं. पण बनुबाईंनी गाडी थांबवायला लावली. कैनातनं परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. एकाऐवजी दोन कागद. एक हरवला तर असावा म्हणून. खाजाभाई रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात डबा होता, ईद नसताना केलेल्या शेवयांचा.

“विळी घेतली?” त्यांनी विचारलं.

“घेतली. खाली बॅगेत हाय.”

“लेकरू झालं की फोन करा.”

“करते.” गाडी सुरू झाली. थोडी पुढे गेल्यावर बनुबाईंनी काच खाली घेतली आणि रजिस्टरात नोंद झालेल्या त्या आवाजात ओरडून सांगितलं, “खाजाभाई! तिकडं हरवले तर वहीत लिवा!”

खाजाभाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

“रंग, शिंगं, समदं पाठ हाय, ताई! सोडवायला म्या सोता येतो!”